पाटस-कुरकुंभ पट्ट्याला धोका नेमका कशाचा? तक्त्यात 'निरंक' लिहिण्याआधी गावाने करायचा हिशेब

पाटस (ता. दौंड) : मे महिना लागला की तहसील कचेरीत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात. ग्रामपंचायतींकडून माहिती मागवली जाते. पूररेषेत घरे किती, पडक्या इमारती किती, पट्टीचे पोहणारे कोण, जेसीबी कुणाकडे आहे. तक्ता भरून पाठवायचा असतो. आणि सरकारी कामाची जुनी सवय अशी, की ज्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही तिथे 'निरंक' लिहून मोकळं व्हायचं. तक्ता पूर्ण होतो, धोका आहे तिथेच राहतो.

२०२५ साली काय झालं ते आठवून बघा. पावसाळ्याची तयारी १ जूनला गृहीत धरलेली असते. पाऊस मात्र २५ मे रोजीच आला. दौंड, बारामती, इंदापूर या कायम टंचाईच्या तालुक्यांत मान्सूनपूर्व पावसाने धुमाकूळ घातला. बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला, पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी आलं, शेतं वाहून गेली. ज्या भागाची ओळखच टँकरची, तिथे मे महिन्यात एनडीआरएफची तुकडी बोलवावी लागली. कॅलेंडर बघून केलेली तयारी ही अशी उघडी पडते.

मग तयारी कशावरून करायची? जगभर यासाठी जी पद्धत वापरतात ती ऐकायला अवघड आणि करायला सोपी आहे. 'धोका' आणि 'जोखीम' हे दोन शब्द आधी वेगळे करावे लागतात. भीमेचा पूर हा धोका. पण पुराच्या पाण्यात ना घर ना गोठा ना माणूस, तर जोखीम काहीच नाही. म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार करायचा. घटना किती वेळा घडू शकते, तिच्या तडाख्यात किती माणसं-जनावरं-माल येतो, आणि जे तडाख्यात येतं ते किती कच्चं किंवा किती तयार आहे. यातली एक जरी बाजू कमी केली तरी जोखीम कमी होते. पूर थांबवणं गावाच्या हातात नसतं, नदीकाठची मोटार वेळेवर वर काढणं असतं.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. एकरभर ऊस, अर्धा एकर कांदा, दारात दोन गायी हे जोखमीचंच गणित आहे. कांदा पडला तर दूध, दूध पडलं तर ऊस. तेच डोकं गावाच्या धोक्यांना लावलं जात नाही, एवढंच.

नदीकाठापासून सुरुवात करू. पाटस गाव स्वतः भीमेच्या काठावर नाही, पण पारगाव, नानगावपासून देऊळगाव राजेपर्यंतच्या गावांना नदी उशाशी आहे. पुण्याची मुठा, मुळा-मुठा होऊन शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्यामुळे इथे थेंब पडला नसला तरी खडकवासल्यातून विसर्ग वाढला की इथल्या मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात. दौंडला नदीचा विसर्ग मोजला जातो आणि उजनी किती भरणार याचा अंदाज त्यावरूनच बांधला जातो. पण मेसेजमधला क्युसेकचा आकडा आणि आपल्या गोठ्याची पायरी यांचा संबंध कुणी लावलेला नसतो. ज्या गावाने मागच्या पुरांच्या वेळी दौंडचा विसर्ग किती होता आणि पाणी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं हे लिहून ठेवलं, त्या गावाला पुढचा मेसेज वाचता येतो. बाकीच्यांसाठी तो नुसता आकडा.

पूररेषेबद्दलही एक गैरसमज घट्ट बसला आहे. जलसंपदा खाते निळी आणि लाल अशा दोन रेषा आखते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक म्हणतात, 'पूर मागेच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत.' असं नसतं. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता. आणि पूर काही हजेरीपट बघून येत नाही. दर वर्षीचे हे चार टक्के २५ वर्षं धरून हिशेब केला, तर त्या काळात निदान एकदा तरी त्या उंचीचं पाणी येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. लाल रेषेचंही तसंच. आज बांधलेलं घर ३० वर्षं टिकणार असेल, तर तेवढ्यात शंभर वर्षांतला तो पूर येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. चारात एक नापास होणार असेल तर कोणता बाप निवांत झोपेल?

दुष्काळाचं गणित मात्र सरकारने खरोखर मांडलेलं आहे. पूर्वी सगळं पैसेवारीवर चालायचं, ५० पैशांच्या आत की बाहेर. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल, पेरणीचं क्षेत्र असे निर्देशांक बघून मग प्रत्यक्ष शिवारात पाहणी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ४० तालुके जाहीर झाले त्यात दौंड आणि शिरूर दोन्ही होते. पद्धत चांगली आहे. खोट मोजमापात आहे. महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक, आणि मंडळात गावं बरीच. वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे कोसळतो, पलीकडे धूळ उडत असते. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी धरतात, त्यामुळे यंत्र कुठे बसवलंय यावर मदत मिळणार की नाही हे ठरतं. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी आकडा वहीत लिहायला फार खर्च येत नाही. सरकारी यंत्राची जागा ती वही घेणार नाही, पण वाद घालायला हातात कागद तरी राहील.

आता कुरकुंभ. या पट्ट्यात सगळ्यात कमी बोललं जातं ते याच धोक्याबद्दल. पाटसच्या पुढे सोलापूरकडे जाताना फिरंगाई देवीच्या या गावालगत रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. परिसरातल्या शेकडो घरांची चूल तिच्यावर चालते, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण ऑगस्ट २०१९ मधली रात्रही लोक विसरलेले नाहीत. एका कारखान्याला मोठी आग लागली आणि आजूबाजूच्या गावातली माणसं पोरंबाळं घेऊन घराबाहेर पडली. पुढच्याच वर्षी, मे २०२० मध्ये, वसाहतीत पुन्हा आग लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर पुणे पोलिसांनी इथल्या एका कारखान्यातून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला. म्हणजे आत नेमकं काय बनतंय हे शेजारच्या गावाला माहीत नव्हतं. आणि जोखमीचा हिशेब करताना पहिलाच प्रश्न असतो, 'आत काय आहे आणि किती आहे?'

त्या २०१९ च्या रात्री लोक पळाले, पण कुठे पळायचं हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. जिकडे रस्ता तिकडे माणसं गेली. वायू पसरला असेल तर रस्ता बघून चालत नाही, वारा बघावा लागतो. पावसाळ्यात या भागात वारा साधारण पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तेव्हा कुरकुंभचा धूर दौंड शहराच्या बाजूला सरकण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो, तेव्हा तो पाटसच्या बाजूला येऊ शकतो. त्यात हिवाळ्याच्या रात्री हवा जड आणि स्थिर असते. थंडीत संध्याकाळी पाचट पेटवलं की धूर वर न जाता रानात पसरून सकाळपर्यंत बसून राहतो, हे प्रत्येक ऊसवाल्याने बघितलंय. वायूचंही तसंच होतं. दुपारी दोन वाजता झालेली गळती आणि डिसेंबरात पहाटे चारला झालेली गळती यात वायू तेवढाच असला तरी तडाखा वेगळा. नकाशावर कारखान्याभोवती गोल काढून भागत नाही ते यासाठी. तज्ज्ञ लोक संगणकावर वारा आणि वेळ धरून लांबट पट्टा काढतात. गावाने तेवढं केलं नाही तरी चालेल. उंचावर एक झेंडा लावला आणि वाऱ्याच्या दिशेने न धावता वाऱ्याला आडवं निघायचं, एवढं शाळेतल्या पोरांना सांगितलं तरी पुष्कळ.

इथे कायदा गावाच्या बाजूने आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १९८४ च्या भोपाळनंतर देशात नियम बदलले. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांत मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याला आतला आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. कुंपणाबाहेरचा आराखडा प्रशासनाने करायचा आणि वर्षातून एकदा तालीम घ्यायची. याच नियमांत आणखी एक कलम आहे. अपघाताचा फटका बसू शकेल अशा कुंपणाबाहेरच्या लोकांना धोका कोणत्या प्रकारचा आहे आणि त्या वेळी काय करायचं, काय करायचं नाही, हे कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. उपकार म्हणून नाही, नियम म्हणून.

पुढे १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी वेगळे नियम आले. त्यात औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक आपत्ती गट नेमायला सांगितलं आहे. अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत. सोबत कारखाना निरीक्षक, कारखान्यांचे प्रतिनिधी, अग्निशमन, पोलीस, गटविकास अधिकारी, डॉक्टर, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, सामाजिक कार्यकर्ते आणि सरपंच किंवा गावचा प्रतिनिधी. या गटाने दर महिन्याला बसायचं आहे. म्हणजे ज्या खोलीत कुरकुंभच्या जोखमीचा हिशेब होतो त्या खोलीत गावासाठी खुर्ची कायद्यानेच ठेवली आहे. त्या खुर्चीवर सध्या कोण बसतं, हा प्रश्न पाटसपासून कुरकुंभपर्यंतच्या प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

कारखाना जागेवर तरी असतो. टँकर गावातून जातो. पाटस म्हणजे नाका. सोलापूर महामार्ग, बारामतीचा रस्ता, दौंडचा रस्ता इथे फुटतात. रसायनं, गॅस, डिझेल सगळं इथून वाहतं. अशा टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीची पाटी लावणं मोटार वाहन नियमांनी सक्तीचं आहे. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. टँकर उलटला तर लांबून, शक्य तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून तो क्रमांक वाचायचा आणि ११२ ला सांगायचा. त्यावरून अग्निशमनवाल्यांना पाणी मारायचं की फोम, किती लांब थांबायचं हे ठरवता येतं. प्रत्यक्षात काय होतं? आधी व्हिडिओ, मग गर्दी, आणि इंधनाचा टँकर असेल तर कॅन घेऊन धावाधाव. अपघाताचं विश्लेषण उलटं करतात, शेवटापासून मागे. माणसं भाजली. का? आग लागली. का? सांडलेल्या इंधनाजवळ गाड्या आणि मोबाईल होते. का? गर्दी झाली. का? रस्ता अडवायला कुणी नव्हतं. टँकर का उलटला हा प्रश्न गावाच्या हातातला नाही, पण शेवटची दोन 'का' गावाच्या हातातली आहेत.

याच नाक्यावरून आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. वरवंडचा मुक्काम उरकून पाटसमार्गे रोटी घाट चढते. त्या दिवशी धोका तोच असतो, रस्ता तोच असतो, पण रस्त्यावर लाखोंचा समुदाय असतो. तीन आकड्यांतला मधला आकडा एका दिवसात कुठल्या कुठे जातो. म्हणून जड वाहनं वळवतात. गाळप हंगामातही तसंच आहे. ऊसतोड कामगारांच्या कोप्या रस्त्याकडेला पडतात, धुक्यात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या महामार्गावर येतात. पण पालखीचा बंदोबस्त कागदावर असतो, कोप्यांचा नसतो. कोपीतली माणसं इथल्या मतदार यादीत नाहीत, त्यामुळे गावाच्या तक्त्यातही ती दिसत नाहीत. इथे हिशेबच चुकतो.

बिबट्याचं काय, असं शिरूरकर लगेच विचारतील. बरोबर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत भागात महिन्याच्या आत पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध महिला आणि तेरा वर्षांचा मुलगा गेला. लोकांनी रस्ता अडवला, वन खात्याची गाडी पेटली, मग बिबट्याला गोळी घातली गेली. आकड्यांनी मोजायचं तर देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे. २०२२ मध्ये रस्त्यावर देशात १ लाख ६८ हजार ४९१ आणि महाराष्ट्रात १५ हजार २२४ जणांचा जीव गेला. बिबट्याचे बळी त्यापुढे थोडे. पण पिंपरखेडच्या आईला हे आकडे ऐकवून उपयोग नाही, आणि ऐकवूही नयेत. जोखीम कुणासाठी, कुठे आणि किती वाजता, हे धरूनच मोजायची असते. उसाला खेटून घर आहे, दिवस मावळतोय, अंगणात लहान मूल एकटं आहे, तर त्या घरासाठी बिबट्या यादीत पहिला. महामार्गालगत दुकान असलेल्यासाठी भरधाव गाडी पहिली. रात्रीच्या लाईटवर पाणी धरणाऱ्यासाठी साप आणि स्टार्टरचा शॉक. तालुक्याची एकच यादी सगळ्यांना लागू पडत नाही.

याद्या चुकतात याचा मोठा दाखला याच जिल्ह्यात आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर राज्यभर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा सरकारलाच सांगावं लागलं की ही वाडी त्या यादीत नव्हती. यादी करणाऱ्यांनी मागे कुठे घडलं ते बघितलं, पुढे कुठे घडू शकतं ते निसटलं. 'आमच्याकडे असलं कधी झालंच नाही' हे वाक्य म्हणूनच पुरावा होत नाही.

गावाला करता येईल अशी सोपी रीत आहे. कागदावर धोके लिहायचे. प्रत्येकाला शक्यतेसाठी १ ते ५ आणि नुकसानीसाठी १ ते ५ गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. उदाहरणच घ्यायचं तर महामार्गावरच्या अपघाताला शक्यता ५, नुकसान ४, झाले २०. वायुगळतीला शक्यता २, नुकसान ५, झाले १०. नुसता गुणाकार बघितला तर वायुगळती खाली जाते आणि विसरली जाते. इथेच फसायला होतं. १ गुणिले ५ आणि ५ गुणिले १ दोन्हींचं उत्तर पाचच, पण काम वेगळं. रोज घडणाऱ्या लहान नुकसानीला दुरुस्ती लागते. दिवा, कठडा, गतिरोधक, विहिरीला कठडे. क्वचित घडणाऱ्या पण गाव बसवणाऱ्या घटनेला सराव लागतो, कारण त्या रात्री विचार करायला वेळ मिळणार नाही. दोन्हीसाठी दोन वेगळे कागद करावेत.

आणखी एक. हे गुण चावडीवरच्या चार पुढाऱ्यांनी भरले तर तक्ता पुन्हा 'निरंक'च्या वळणावर जाईल. खुरपायला जाणाऱ्या बाया, दूध गोळा करणारा पोऱ्या, आशाताई, वायरमन, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर यांना वेगवेगळं बसवून विचारलं की वेगवेगळं उत्तर येतं. ओढ्यावरच्या पुलाला कठडा नाही हे सरपंचाच्या चारचाकीतून दिसत नाही, सायकलवरच्या पोरीला रोज दिसतं. ज्या दूध शीतकरण केंद्रात किंवा शीतगृहात अमोनिया वापरतात त्याच्या भिंतीला कुणाचं घर लागून आहे, हेही आशाताईलाच नेमकं माहीत असतं.

मोबाईलवरच्या सोयी आहेत त्या घ्याव्यात. विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी', इशाऱ्यांसाठी 'सचेत'. पण ढग भरून आले असताना उघड्या रानात ॲप उघडून बघत उभं राहण्यात अर्थ नाही. आधी झाडाखालून बाहेर निघून पक्क्या घरात जावं.

पुढच्या ग्रामसभेत कुरकुंभ परिसरातल्या गावांना तीन गोष्टी लेखी विचारता येतील. स्थानिक आपत्ती गटात आपल्या गावाचा प्रतिनिधी कोण आणि मागच्या बारा महिन्यांत बैठका किती झाल्या. कुंपणाबाहेरची शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली आणि त्यात कोणती गावं होती. धोक्याचा भोंगा वाजला तर तो कुठपर्यंत ऐकू येतो आणि त्याचा अर्थ काय. अर्ज प्रांत कार्यालयाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायचा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यायला डबाभर रंग पुरतो.